भावपत्रकाच्या टेबलातील ओळी आणि आकडे स्क्रिप्टच्या हाती का लागत नाहीत?

प्रश्न : कळमना_अडत

नमस्कार.

नागपूरच्या कळमना बाजारात आमच्या काकांची फळांची अडत आहे. आंबिया बहाराचा संत्रा सुरू झाला, की काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या भागांतून सकाळपासून फोन येऊ लागतात आणि बहुतेकांना एवढेच विचारायचे असते, की आज भाव काय निघाला. हे फोन थोडे कमी व्हावेत म्हणून मी दुकानासाठी एक साधे वेबपेज तयार केले आहे. त्यात कोणतीही लायब्ररी किंवा फ्रेमवर्क नाही. साधे एचटीएमएल आणि थोडी जावास्क्रिप्ट आहे.

पेजच्या वरच्या भागात एक पट्टी आहे, तीत दिवसाची एकूण आवक आणि सर्वांत जास्त भाव दिसायला हवा. तिच्याखाली टेबल आहे आणि त्यात भाग, आवक, किमान भाव व कमाल भाव असे चार रकाने आहेत. दुकानातले दिवाणजी रोजचे आकडे एका जेसन (नाव-किंमत अशा साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये भरतात आणि स्क्रिप्ट ती फाइल फेच करून, म्हणजे सर्व्हरवरून मागवून, टेबलात ओळी घालते. वाचणारे बहुतेक शेतकरी असल्यामुळे आकडे देवनागरीतच ठेवले आहेत. आता अडचणी सांगतो.

स्क्रिप्ट हेडमध्ये ठेवली असता 'गेट-एलिमेंट-बाय-आयडी'ने पट्टी मागितली, तर उत्तर 'नल', म्हणजे काहीच नाही, असे येते आणि पुढची ओळ एरर देऊन थांबते. तीच ओळ ब्राउझरच्या कन्सोलमध्ये लिहिली, की पट्टी व्यवस्थित मिळते. स्क्रिप्ट बॉडीच्या शेवटी हलवल्यावर पट्टी मिळू लागली, पण टेबलातील ओळी मोजल्या तर फक्त शीर्षकाची ओळ मोजली जाते, डोळ्यांसमोर मात्र सगळ्या ओळी दिसत असतात.

ज्या भागातून त्या दिवशी माल आला नाही, त्या ओळीला मी एक क्लास देतो आणि नंतर 'गेट-एलिमेंट्स-बाय-क्लास-नेम' वापरून त्या सर्व ओळी लूपमध्ये काढून टाकतो. प्रत्यक्षात एकाआड एक ओळच निघते. आवकेची बेरीज करायला गेलो, तर 'नॅन', म्हणजे 'ही संख्या नाही', असे येते. 'शेतकऱ्यांसाठी' असा आयडी असलेली सूचनेची एक चौकट आहे. ती एचटीएमएलमध्ये आहे, स्क्रिप्टमध्येही अक्षर न् अक्षर तेच आहे, तरीही ती सापडत नाही. आणि शेवटचे म्हणजे, तुलनेसाठी दुसऱ्या एका संकेतस्थळाचे भावपत्रक मी आयफ्रेममध्ये, म्हणजे पेजमध्ये दुसरे पेज दाखवणाऱ्या चौकटीत, दाखवतो, त्यातील आकडे मला वाचता येत नाहीत.

या सगळ्यामागे काही एक कारण आहे की प्रत्येक अडचण वेगळी आहे, हे समजून घ्यायचे आहे. तयार कोड नको. काय घडते ते कळले, की कोड मी लिहीन. फंक्शनांची नावे इथे देवनागरीत लिहिली आहेत, ती मूळ रोमन नावांप्रमाणेच समजावीत.

उत्तर : बर्डीवाला

पहिल्या दोन अडचणींचे मूळ एकच आहे. आपण गृहीत धरले आहे, की स्क्रिप्ट आपल्या एचटीएमएल फाइलमध्ये शोध घेते. तसे होत नाही. ब्राउझर फाइल वरून खाली वाचत जातो आणि वाचता वाचता मेमरीत नोडांचा, म्हणजे पेजच्या एकेका घटकाचा, एक वृक्ष उभा करत जातो. त्यालाच डॉम म्हणतात. स्क्रिप्टला जे दिसते ते या वृक्षातले, आणि तेही ती ओळ चालते त्या क्षणी वृक्षात जेवढे असेल तेवढेच. हेडमधील साधा स्क्रिप्ट टॅग आला, की ब्राउझरचा एचटीएमएल वाचणारा भाग, म्हणजे पार्सर, तिथेच थांबतो, स्क्रिप्ट पूर्ण चालवतो आणि मगच पुढचे एचटीएमएल वाचतो. त्या वेळी बॉडीचा जन्मही झालेला नसतो, म्हणून पट्टी मागितल्यावर 'नल' मिळते आणि ते उत्तर अगदी बरोबर असते. कन्सोलमध्ये आपण लिहीपर्यंत सगळे पेज वाचून झालेले असते, म्हणून तिथे तीच ओळ चालते.

स्क्रिप्ट बॉडीच्या शेवटी ठेवणे हा जुना आणि आजही चालणारा उपाय आहे. मात्र स्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये असेल, तर ती हेडमध्येच ठेवून टॅगला 'डिफर' लावणे मला अधिक पसंत आहे, कारण फाइल डाउनलोड होण्याचे काम लवकर सुरू होते आणि चालते मात्र संपूर्ण एचटीएमएल वाचून झाल्यावर. अनेक फाइली असल्या तरी त्यांचा क्रमही टिकतो. 'असिंक'मध्ये ही हमी नसते. जी फाइल आधी पोहोचेल ती आधी चालते, मग वृक्ष अर्धा असो वा पूर्ण. एक बारकावा ध्यानात असू द्या, की पेजमध्येच लिहिलेल्या साध्या स्क्रिप्टला 'डिफर' लावून काही उपयोग होत नाही, ब्राउझर ते सरळ दुर्लक्षित करतो. 'मॉड्यूल' प्रकारची स्क्रिप्ट मात्र आपोआपच उशिरा चालते.

काही जण 'डॉम-कंटेंट-लोडेड' या घटनेची वाट पाहतात. तेही योग्य आहे, फक्त तिची 'लोड' या घटनेशी गल्लत करू नये. पहिली घटना वृक्ष पूर्ण झाल्यावर घडते. दुसरी चित्रे, स्टाइलशीट आणि आयफ्रेम हे सगळे येऊन पोहोचेपर्यंत थांबते. आपल्या पेजवर बाहेरच्या संकेतस्थळाची आयफ्रेम आहे, म्हणजे 'लोड'वर विसंबून राहिलात तर दुसऱ्याच्या सर्व्हरचा आळस आपल्या पट्टीला भोवेल. शिवाय घटना घडून गेल्यावर लिसनर (घटना घडली की चालणारे फंक्शन) जोडला, तर तो कधीच चालत नाही. अशी शक्यता असेल तेथे 'डॉक्युमेंट'चे 'रेडी-स्टेट' आधी तपासावे.

आता ओळींविषयी. बॉडीच्या शेवटी असलेली स्क्रिप्ट फेच सुरू करते, पण उत्तर येईपर्यंत ती थांबत नाही; पुढची ओळ लगेच चालते. आपली मोजणी त्या पुढच्या ओळीत आहे, म्हणून तिला शीर्षकाची एकच ओळ दिसते. डोळ्यांना दिसणाऱ्या ओळी त्यानंतर आलेल्या असतात. म्हणून मोजणे, काढणे, बेरीज करणे हे सारे ओळी घालून झाल्यानंतरच्या टप्प्यात, म्हणजे 'देन'च्या आत किंवा 'अवेट'च्या पुढे जायला हवे. मोजणीला 'सेट-टाइमआउट' लावून एक-दोन सेकंदांची मुदत द्यावी, असा सल्ला आपल्याला कुठे ना कुठे मिळेलच. तो मानू नये. धंतोलीतल्या वाय-फायवर एक सेकंद भरपूर ठरतो आणि नरखेडच्या एखाद्या शेतात फोनला एकच दांडी असेल, तर दहा सेकंदही अपुरे पडतात.

ओळी आपल्याच स्क्रिप्टने घातलेल्या आहेत, म्हणून हे सोपे आहे. त्या दुसऱ्या कोणाच्या स्क्रिप्टने येत असत्या आणि त्यात हात घालता येत नसता, तर 'म्युटेशन-ऑब्झर्व्हर' हा खरा मार्ग होता. त्याला टेबलावर लक्ष ठेवायला सांगितले, की वृक्षात काही जोडले वा काढले गेले की तो कळवतो. पुढेमागे ओळीवर बोट ठेवले की त्या भागाचा तपशील उघडावा असे वाटले, तर प्रत्येक ओळीला वेगळा लिसनर लावू नका. एकच लिसनर टेबलाला लावा आणि ज्या घटकावर बोट पडले त्यापासून 'क्लोजेस्ट'ने वर चढत 'टीआर'पर्यंत, म्हणजे ओळीच्या टॅगपर्यंत, जा. ओळ केव्हा आली हा प्रश्नच मग उरत नाही.

उत्तर : अंबाझरी_काठ

बर्डीवाला यांनी वेळेचा मुद्दा नीट मांडला आहे. एकाआड एक ओळ उरण्याची अडचणही वेळेचीच आहे, फक्त ती वेगळ्या रूपात आली आहे.

'गेट-एलिमेंट्स-बाय-क्लास-नेम' आपल्याला ओळींची प्रत काढून देत नाही. ते एचटीएमएल-कलेक्शन देते आणि हे कलेक्शन जिवंत असते: वृक्षात बदल झाला, की त्याच क्षणी त्यातही बदल होतो. समजा काटोल, नरखेड, कळमेश्वर आणि सावनेर या चारही ओळींना आपला तो क्लास लागलेला आहे. लूपचा आकडा शून्य असताना काटोलची ओळ निघाली. लिलावाच्या रांगेतला पहिला गडी बाजूला झाला की मागचे सगळे एक पाऊल पुढे सरकतात, तसे कलेक्शनमध्ये नरखेड आता शून्याच्या जागी आले आणि कळमेश्वर एकच्या जागी. लूपचा आकडा एक झाला, निघाले कळमेश्वर. आता उरले नरखेड आणि सावनेर, कलेक्शनची लांबी दोन, लूपचा आकडाही दोन, लूप संपला. नरखेड आणि सावनेर टेबलात जसेच्या तसे राहिले. ओळ काढून न टाकता तिचा फक्त क्लास काढला असता तरी हेच घडले असते, कारण क्लास गेला की घटक कलेक्शनमधूनही जातो.

उपाय दोन-तीन आहेत. लूप शेवटाकडून सुरुवातीकडे चालवावा, किंवा 'अॅरे.फ्रॉम'ने आधी साधी यादी करून घ्यावी. किंवा सरळ 'क्वेरी-सिलेक्टर-ऑल' वापरावे, कारण ते मागणी केली त्या क्षणीची स्थिर यादी (नोडलिस्ट) देते. मी तिसरा मार्ग घेतो. त्या यादीवर 'फॉर-ईच' थेट चालते, एचटीएमएल-कलेक्शनवर ते नसते, हाही एक फायदा. मात्र 'नोडलिस्ट म्हणजे स्थिर' असा नियम पाठ करू नये. 'चाइल्ड-नोड्स' आणि 'गेट-एलिमेंट्स-बाय-नेम' हेही नोडलिस्टच देतात आणि ते जिवंत असतात.

हा गोंधळ का आहे, हे इतिहास पाहिला की समजते. सुरुवातीच्या काळात स्क्रिप्टला पेजचे मोजकेच भाग हाताळता येत: 'डॉक्युमेंट.फॉर्म्स', 'डॉक्युमेंट.इमेजेस', 'डॉक्युमेंट.लिंक्स'. पुढे इंटरनेट एक्सप्लोरर ४ ने 'डॉक्युमेंट.ऑल' आणले, नेटस्केप ४ ने 'डॉक्युमेंट.लेयर्स', आणि एकच पेज दोन्हीकडे चालवायचे तर प्रत्येक गोष्ट दोनदा लिहावी लागे. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने १९९८ मध्ये डॉमचा पहिला स्तर प्रमाणित केला. जिवंत कलेक्शनची कल्पना त्या काळातली आहे. २००६ मध्ये जेक्वेरी ही लायब्ररी आली आणि सीएसएसच्या भाषेत घटक शोधण्याची सवय सगळ्यांना लागली; 'क्वेरी-सिलेक्टर' ब्राउझरमध्ये स्थिरावले ते त्यानंतर. म्हणून आज एकाच कामाला दोन पिढ्यांची अवजारे आहेत. माझे स्पष्ट मत असे, की नवीन पेजवर आयडीसाठी 'गेट-एलिमेंट-बाय-आयडी' आणि बाकी सर्वांसाठी 'क्वेरी-सिलेक्टर' व 'क्वेरी-सिलेक्टर-ऑल' एवढी तीनच वापरावीत आणि बाकीची विसरून जावीत.

आणखी एक जुना वारसा सांगून ठेवतो. आयडी दिलेला घटक त्याच नावाने थेट 'विंडो'वर उपलब्ध होतो, म्हणजे काहीही न मागता नुसते नाव लिहिले तरी तो मिळतो. त्यावर कधी विसंबू नये. त्याच नावाचे व्हेरिएबल कोणी लिहिले, की घटक निमूटपणे त्याच्यामागे झाकला जातो.

उत्तर : गोरेवाडा_मार्ग

अंबाझरी_काठ यांच्या 'बाकीची विसरून जावीत' या वाक्याशी मी सहमत नाही, निदान टेबलापुरता तरी नाही. टेबलाला स्वतःचे 'रोज' आणि ओळीला स्वतःचे 'सेल्स' असतात, आणि इतके सरळ दुसरे साधन नाही. कमाल भाव हवा, तर ओळीच्या 'सेल्स'मधील क्रमांक तीनचा सेल (मोजणी शून्यापासून) घ्यायचा, संपले. सिलेक्टर लिहून तेच करायला गेले, की लोक हमखास एका ठिकाणी अडतात: 'टेबल'च्या लगेच आत 'टीआर' असा सिलेक्टर लिहितात आणि एकही ओळ मिळत नाही. एचटीएमएल वाचताना 'टीबॉडी' (ओळींचा गट धरणारा टॅग) लिहिलेला नसला, तरी पार्सर तो स्वतःहून घालतो, त्यामुळे 'टीआर' टेबलाचा थेट अपत्य राहतच नाही. पण स्क्रिप्टने 'अपेंड-चाइल्ड' करून ओळ थेट टेबलात घातली, तर मध्ये 'टीबॉडी' कोणी घालत नाही. म्हणजे एकाच टेबलात दोन प्रकारच्या ओळी होऊ शकतात. हे टाळण्यासाठी मूळ एचटीएमएलमध्येच रिकामा 'टीबॉडी' लिहून ठेवा आणि ओळी त्यातच घाला.

'टेबल.रोज'मध्ये शीर्षकाची ओळही येते. आपल्याला एक ओळ मोजून मिळत होती ती तीच. फक्त मजकुराच्या ओळी हव्या असतील, तर 'टी-बॉडीज'मधील पहिल्याचे 'रोज' घ्यावे. हे कलेक्शनही जिवंत आहे, तेव्हा ओळी काढताना वर सांगितलेली काळजी इथेही घ्यायची.

बाजाराला सुटी असते, त्या दिवशी आपण 'आज बाजार बंद' अशी चारही रकान्यांवर पसरलेली एकच ओळ घालत असाल, असा माझा अंदाज आहे. त्या ओळीत सेल एकच असतो. क्रमांक तीनचा सेल मागितला, की 'अनडिफाइन्ड' मिळेल आणि स्क्रिप्ट तिथेच कोसळेल. सेलचा क्रमांक म्हणजे रकान्याचा क्रमांक नव्हे. सेल अनेक रकान्यांवर वा ओळींवर पसरवणारे 'कोलस्पॅन' किंवा 'रोस्पॅन' आले, की दोन्ही वेगळे होतात.

सेलमधला मजकूर वाचताना 'टेक्स्ट-कंटेंट' वापरा आणि लगेच 'ट्रिम' करा, कारण एचटीएमएलमधील मोकळ्या जागा आणि नव्या ओळी त्यात जशाच्या तशा येतात. 'इनर-टेक्स्ट' स्क्रीनवर जे दिसते तेवढेच देते, आणि त्यासाठी ब्राउझरला आधी पेजची मांडणी मोजावी लागते. मोबाइलवर किमान भावाचा रकाना सीएसएसने लपवला असेल, तर ओळीच्या 'इनर-टेक्स्ट'मध्ये तो आकडा येणारच नाही आणि तुम्ही संगणकावर तपासत बसाल, तेव्हा सगळे बरोबर दिसेल.

'फर्स्ट-चाइल्ड' आणि 'चाइल्ड-नोड्स' यांपासून मात्र दूरच राहावे. त्यांत दोन टॅगांमधली मोकळी जागाही मजकुराचा नोड म्हणून मोजली जाते. 'फर्स्ट-एलिमेंट-चाइल्ड' आणि 'चिल्ड्रन' हे फक्त घटक देतात.

उत्तर : लिपी_तपासनीस

'नॅन' आणि 'शेतकऱ्यांसाठी' या दोन अडचणी डॉमच्या नाहीत. घटक तुमच्या हाती आलेला आहे किंवा येऊ शकतो. घोटाळा अक्षरांत आहे, आणि तो मराठी पेज लिहिणाऱ्यांनाच होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

जावास्क्रिप्टमधील 'नंबर', 'पार्स-इंट' आणि 'पार्स-फ्लोट' यांपैकी कोणालाही देवनागरी अंक वाचता येत नाहीत. '४२' दिले, की उत्तर 'नॅन'. गंमत अशी, की उलट दिशेचा प्रवास उत्तम होतो: 'टू-लोकेल-स्ट्रिंग'ला मराठी-भारत हा लोकेल (भाषा व प्रदेशाची खूण) दिला, की संख्या देवनागरी अंकांत आणि लाख-हजारांच्या स्वल्पविरामांसह छापली जाते. लिहिता येते, वाचता येत नाही. त्यामुळे वाचण्याचे काम आपण करायचे. युनिकोडमध्ये शून्यापासून नऊपर्यंतचे देवनागरी अंक २४०६ ते २४१५ या सलग क्रमांकांवर आहेत. प्रत्येक अंकाच्या 'चार-कोड-अॅट'मधून २४०६ वजा केले, की त्याची किंमत मिळते. मजकुरातील प्रत्येक देवनागरी अंक अशा रीतीने बदला, स्वल्पविराम काढून टाका आणि मग 'नंबर'कडे द्या.

स्वल्पविराम काढायला विसरू नका. देवनागरी अंक बदलून झाले, पण बत्तीस हजारांतला स्वल्पविराम तसाच राहिला आणि ती संख्या 'पार्स-इंट'कडे गेली, तर ते स्वल्पविरामापाशी थांबते आणि निवांतपणे ३२ असे उत्तर देते. एरर नाही, 'नॅन' नाही. टनाचा भाव ३२ रुपये असे पट्टीत झळकले, तर काकांना दिवसभर फोन घ्यावे लागतील, आणि या वेळी ते भाव विचारणारे नसतील.

याहून चांगली पद्धत अशी, की स्क्रीनवरच्या मजकुरातून संख्या वाचायचीच नाही. ओळ तयार करताना मूळ संख्या त्या सेलच्या 'डेटा-रेट' अशा अॅट्रिब्यूटमध्ये साध्या अंकांत ठेवावी आणि हिशेबाच्या वेळी 'डेटासेट.रेट'मधून घ्यावी. मजकूर शेतकऱ्यासाठी आणि अॅट्रिब्यूट स्क्रिप्टसाठी. मात्र यासाठी दिवाणजींची जेसन फाइल साध्या अंकांत असली पाहिजे. ती देवनागरीत भरली जात असेल, तर फाइल येताच एकदा रूपांतर करा, पुन्हा पुन्हा नको.

आता 'शेतकऱ्यांसाठी'. आयडी देवनागरीत असायला काहीच हरकत नाही, एचटीएमएल आणि सीएसएस दोघांनाही तो चालतो. रोमन अंकाने सुरू होणारा आयडी 'क्वेरी-सिलेक्टर'मध्ये तसाच लिहिला तर एरर येते, देवनागरी अंकाने सुरू होणारा चालतो. अडचण या शब्दातल्या अर्ध्या 'ऱ'ची आहे. तो तीन रीतींनी टंकला जातो. काही कीबोर्ड 'ऱ' हे एकच अक्षर घालून पुढे हलंत आणि 'य' देतात. काही साधा 'र', त्याखाली नुक्ता, मग हलंत आणि 'य' असे देतात. आणि काही 'र', हलंत, न दिसणारा जोडक आणि 'य' असे देतात. स्क्रीनवर तिन्हींचे रूप सारखे दिसू शकते. ब्राउझर आयडी जुळवताना रूप पाहत नाही, क्रमांक पाहतो. एचटीएमएल एका यंत्रावर आणि स्क्रिप्ट दुसऱ्या कीबोर्डवर लिहिली गेली असेल, तर असे होणारच.

खात्री करायची, तर दोन्ही ठिकाणचे फक्त ते जोडाक्षर कन्सोलमध्ये चिकटवून त्याची 'लेंग्थ' पाहा. पहिल्या रीतीत ती ३ येते, उरलेल्या दोन्हींत ४. 'नॉर्मलाइझ' हे फंक्शन दुसऱ्या रीतीचे पहिलीत रूपांतर करते, पण तिसऱ्या रीतीला ते हात लावत नाही. त्यामुळे माझा सल्ला असा, की आयडी आणि क्लास रोमन अक्षरांतच ठेवावेत. मराठीवरचे प्रेम दाखवायला पेजवरचा मजकूर आहे.

पुन्हा : कळमना_अडत

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ओळी मोजण्याचे व काढण्याचे काम फेचच्या पुढच्या टप्प्यात नेले, 'क्वेरी-सिलेक्टर-ऑल' वापरले, आणि माल न आलेल्या भागांच्या सर्व ओळी आता जातात. 'लेंग्थ' पाहिली, तेव्हा एचटीएमएलमध्ये ४ आणि स्क्रिप्टमध्ये ३ आली. एचटीएमएल मोबाइलवर टंकले होते. आयडी रोमन केला. 'आज बाजार बंद' या ओळीबद्दलचा अंदाजही खरा आहे, ती ओळ आहेच, आता सेलची संख्या तपासून मगच पुढे जातो.

आयफ्रेमचे तेवढे राहिले. 'कंटेंट-डॉक्युमेंट' मागितले, की 'नल' येते, पूर्ण लोड झाल्यावरही. तसेच ओळी मी 'इनर-एचटीएमएल'मध्ये मजकूर जोडून तयार करतो. त्यात काही वावगे आहे का?

उत्तर : बर्डीवाला

इथे वेळेचा नव्हे, मालकीचा प्रश्न आहे. आयफ्रेममध्ये स्वतंत्र दस्तऐवज असतो, त्याचा वृक्ष वेगळा असतो. दोन्ही पेजांचा प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट एकच असेल, तर 'कंटेंट-डॉक्युमेंट'मधून त्या वृक्षात जाता येते. यांपैकी एकही वेगळे असेल, तर ब्राउझर दार बंद ठेवतो, आणि तेच योग्य आहे. नाहीतर कोणत्याही पेजने आपल्या बँकेचे पेज आयफ्रेममध्ये उघडून शिल्लक वाचली असती. यावर स्क्रिप्टमधली कोणतीही युक्ती चालत नाही. पलीकडचे पेज आपल्या ताब्यात असेल, तर 'पोस्ट-मेसेज'ने ते स्वतःहून आकडे पाठवू शकते. ते दुसऱ्याचे आहे, म्हणून तोही मार्ग बंद.

तुलनेसाठी आकडेच हवे असतील, तर आयफ्रेमचा नाद सोडावा. केंद्र सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे भाव एपीआयद्वारे, म्हणजे प्रोग्रामला थेट मागता येतील अशा सोयीने, मिळतात. ते आपल्या सर्व्हरवर दिवसातून एकदा मागवून दिवाणजींच्या फाइलशेजारी ठेवावेत आणि पेजने ते आपल्याच सर्व्हरवरून फेच करावेत. त्या एपीआयसाठीची गुप्त की (किल्ली) ब्राउझरमधल्या स्क्रिप्टमध्ये लिहू नये, ती कोणालाही दिसते.

'इनर-एचटीएमएल'बद्दल. फाइलमध्ये फक्त आकडे असते, तर मी काही म्हटले नसते. पण भागाचे नाव किंवा शेरा हा कोणीतरी टंकलेला मजकूर आहे, आणि त्यात टॅग आला, तर ब्राउझर तो टॅग म्हणूनच वाचतो. अशा रीतीने आलेला स्क्रिप्ट टॅग चालत नाही हे खरे, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण चित्राच्या टॅगमधील 'ऑन-एरर' चालते. 'क्रिएट-एलिमेंट'ने किंवा 'इन्सर्ट-रो' आणि 'इन्सर्ट-सेल'ने घटक तयार करून मजकूर 'टेक्स्ट-कंटेंट'मध्ये घालावा. दुसरा तोटा असा, की 'टीबॉडी'च्या 'इनर-एचटीएमएल'ला अधिक-बरोबर करून एक ओळ जोडली, की आधीच्या सगळ्या ओळी मोडून नव्याने बांधल्या जातात. आधी एखाद्या व्हेरिएबलमध्ये पकडून ठेवलेली काटोलची ओळ मग वृक्षात राहत नाही. तिचा रंग बदलला, तर एरर येत नाही आणि स्क्रीनवरही काही बदलत नाही.

उत्तर : गोरेवाडा_मार्ग

'इन्सर्ट-रो' थेट टेबलावर न चालवता 'टीबॉडी'वर चालवावे, एवढी भर घालतो. टेबलावर चालवले, तर टेबलातली शेवटची ओळ ज्या भागात असेल, त्याच भागात नवी ओळ जाते. पुढे संत्रा आणि मोसंबी यांचे दोन वेगळे 'टीबॉडी' केलेत, तर संत्र्याची ओळ मोसंबीत जाऊन बसेल.